ऑटो स्टार्ट-स्टॉप, बॅटरी आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी आणि ब्रेक सोडल्यावर पुन्हा चालू करणारी सोय म्हणजे ऑटो स्टार्ट-स्टॉप. ती वापरायची की रोज बटण दाबून बंद करायची, हा मूळ प्रश्न. ती काम करतेय याची खूण म्हणजे डॅशबोर्डवरचा गोल बाणातला हिरवा ‘ए’, आणि तो एक दिवस पेटेनासा झाला. गाडी चौदा महिन्यांची, १.० लिटर टर्बो पेट्रोल, ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे नेणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). सेल्फ एका दमात लागत होता, दिवे प्रखर होते, तरी सिग्नलला इंजिन बंद व्हायचं नाव नाही आणि ‘ए’वर पिवळी काट. वर्कशॉपचं निदान बॉनेट उघडण्याआधीच तयार होतं: बॅटरी गेली, बदलून टाका. बॅटरी गेलेली नव्हती, अर्धवट भरलेली होती. या दोहोंतला फरक न तपासता चांगल्या बॅटऱ्या भंगारात काढल्या जातात याची चीड येते, म्हणून सुरुवात बॅटरीपासूनच.

स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत अल्टरनेटर जुन्या गाड्यांसारखा सतत चार्ज करत नाही. गाडीचा संगणक बॅटरी मुद्दाम ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी स्वतःच्या गतीवर धावत असते, तेव्हाची फुकटची वीज साठवायला ही रिकामी जागा लागते. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. तो करंट, व्होल्टेज आणि तापमान मोजून आत किती गेलं, बाहेर किती आलं याचा हिशेब ठेवतो. शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की स्टार्ट-स्टॉप बंद पडतं, सेल्फ मात्र त्यानंतरही कितीतरी दिवस बिनतक्रार लागत राहतो. त्यामुळे ‘सेल्फ लागतोय म्हणजे बॅटरी ठीक’ हा जुना ठोकताळा इथे चालत नाही, आणि ‘ए’ पेटत नाही म्हणजे बॅटरी मेली हेही खरं नाही.

तपासायचं कसं? गाडी बंद करून रात्रभर सोडा आणि सकाळी काहीही चालू करण्याआधी मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे जवळपास पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊणभर, १२.२ म्हणजे निम्मी. एजीएम (काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवणारी बॅटरी) पूर्ण भरलेली असेल तर १२.८च्या वर दिसते. आकडा १२.२ ते १२.४च्या मध्ये आला तर बॅटरी बदलण्याच्या गोष्टी करू नका, आधी चार्ज करा.

चार्ज करताना एक चूक हमखास होते. चार्जरचा काळा चिमटा थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला लावला जातो. करंट मग सेन्सरला वळसा घालून आत जातो. बॅटरी भरते, पण संगणकाच्या खात्यात काहीच जमा होत नाही आणि ‘ए’ पिवळाच राहतो. काळा चिमटा बॉडीच्या किंवा इंजिनाच्या अर्थिंगच्या बोल्टला लावायचा, लाल बॅटरीच्या पॉझिटिव्हला. चार्जर स्मार्ट हवा, बॅटरी एजीएम असेल तर तोच मोड निवडायचा, आणि व्होल्टेज १४.८च्या वर जाता कामा नये. ६० ॲम्पिअर-तासांची बॅटरी ४० टक्के रिकामी असेल तर २४ ॲम्पिअर-तास भरायचे असतात. ५ ॲम्पिअरच्या चार्जरला त्याचे पाच तास आणि शेवटचा मंद टप्पा धरून रात्रभर लागते. भरून झाल्यावर गाडी कुलूप लावून, चावी लांब ठेवून आणखी चार-सहा तास शांत सोडायची. त्या शांततेतच संगणक बॅटरीचं खरं व्होल्टेज वाचतो आणि हिशेब दुरुस्त करतो. एवढं केल्यावर ‘ए’ पुन्हा हिरवा झाला.

मग बॅटरी खाली गेली कशामुळे? पार्किंग मोडवर ठेवलेल्या डॅशकॅममुळे. झोपलेल्या गाडीचा करंट साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असावा लागतो. डॅशकॅम एकटा २५० मिलिअँपिअर घेत असेल तर बारा तासांत ३ ॲम्पिअर-तास गेले, म्हणजे ६०च्या बॅटरीतले ५ टक्के. दुसऱ्या दिवशीच्या वीस मिनिटांच्या फेरीत हे भरून निघत नाही. त्यात डॅशकॅमचं अर्थिंग थेट निगेटिव्ह खुंटीवर बसवलेलं असलं तर हा खर्च सेन्सरला दिसतच नाही. ॲक्सेसरी बसवणाऱ्याला अर्थिंग बॉडीलाच घ्यायला सांगा, समोर उभं राहून.

बॅटरी खरोखर बदलायची वेळ आली तर एजीएमच्या जागी एजीएमच. ईएफबीच्या (साध्या बॅटरीचाच मजबूत केलेला प्रकार) जागी ईएफबी किंवा एजीएम. साधी बॅटरी स्वस्त म्हणून बसवू नका, वारंवारच्या अर्धवट डिस्चार्जने तिच्या प्लेटा लवकर खराब होतात. जपानी मापाच्या बॅटऱ्यांवर एम-४२, एन-५५, क्यू-८५ असे शिक्के असतात, ते स्टार्ट-स्टॉपसाठीचे. एन-५५चा आकार नेहमीच्या बी-२४ एवढाच असतो, त्यामुळे साधी बी-२४ तिथे बिनबोभाट बसते आणि फसगत इथेच होते. बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते. नोंद केली नाही तर संगणक नव्या बॅटरीला जुनी, थकलेली समजून चार्ज करत राहतो. बिलावर ही नोंद लिहून घ्या.

बॅटरी निर्दोष असूनही इंजिन बंद होत नसेल तर कारणं साधी असतात. सीट बेल्ट, दार, इंजिन अजून थंड, काच साफ करायचा डिफ्रॉस्ट चालू, एसी अगदी खालच्या तापमानावर, चाक बरंच वळवलेलं, रस्ता चढाचा. काम करून आणलेल्या गाडीत आणखी एक: बॉनेटच्या लॅचमधला स्विच नीट न दबणं. बॉनेट उघडं आहे असं गाडीला वाटत असेल तर ती इंजिन आपोआप बंद-चालू करत नाही.

आता मूळ प्रश्न. हे वापरायचं की रोज बटण दाबून बंद करायचं? पहिले चार महिने मत साफ होतं: बंद. कारण एकच, आणि ते सेकंदभराचं. समोरून येणाऱ्या गाड्यांमधली फट साधून वळायचं असतं, गाडी क्षणभर थांबते, नेमकं तेव्हाच इंजिन बंद होतं. ब्रेक सोडला की सेल्फ फिरतो, इंजिन पकडतं, गिअरबॉक्समध्ये दाब येतो आणि मग गाडी हलते. तेवढ्यात फट निघून जाते, किंवा गाडी अर्ध्यात सापडते. याला किरकोळ गैरसोय म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

मत बदललं ते ब्रेकच्या पेडलमुळे. या गाडीत, आणि इतरही अनेक ऑटोमॅटिकमध्ये, इंजिन बंद होणं ब्रेकवरच्या दाबावर ठरतं. गाडी जेमतेम थांबेल इतकाच हलका दाब ठेवला तर इंजिन चालू राहतं. थांबल्यावर पेडल आणखी बोटभर खाली गेलं की बंद होतं. रिकाम्या सपाट जागी दहा-बारा वेळा करून पाहिलं की पायाला ती जागा कळते. त्यानंतर बटणाची गरज उरत नाही: लांब सिग्नलला जोरात, वळणावर आणि रांगेत हलकं. बंद झालेलं इंजिन ब्रेक न सोडता चालू करायचं असेल तर बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी पुरतं. गाडीच्या माहितीपुस्तिकेत यावर एक ओळ नव्हती, आणि ही त्रुटी मला सगळ्यात मोठी वाटते. ऑटो होल्डची, म्हणजे पाय उचलला तरी ब्रेक धरून ठेवणाऱ्या सोयीची, सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. पाय उचलला तरी इंजिन बंदच राहतं आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावरच जागं होतं, म्हणजे उशीर आणखी वाढतो. वळणाच्या जागी ऑटो होल्ड नको.

उशिराचं मूळ सेल्फपेक्षा गिअरबॉक्समध्ये जास्त आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन थांबलं की दाब गेला आणि क्लच सुटले. म्हणून कंपन्या एकतर छोटा इलेक्ट्रिक पंप देतात, नाहीतर झेडएफ या जर्मन गिअरबॉक्स कंपनीच्या ८ स्पीडसारखा तेल दाबून साठवणारा कप्पा. चालू होताना ‘धप्प’ असा धक्का बसायला लागला तर सेल्फला दोष देण्याआधी हा पंप, तेलाची पातळी आणि इंजिनाची माउंटिंग तपासून घ्या. स्टार्ट-स्टॉपचं तंत्र नवं नाही, टोयोटाने १९७४ साली क्राउन गाडीत हे देऊन पाहिलं होतं. माझदाने २००९मध्ये पिस्टन नेमक्या जागी थांबवून सिलिंडरमधल्या ज्वलनाची मदत घेतली आणि ऑटोमॅटिक ०.३५ सेकंदात चालू करून दाखवली. ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडमध्ये पट्ट्यावरची मोटरच इंजिन फिरवते, तिथे ही तक्रार जवळजवळ संपते.

पेट्रोल किती वाचतं? एवढं लहान इंजिन एसीशिवाय उभं राहून ताशी साधारण ०.६ लिटर पितं. रोज वीस मिनिटं खरोखर बंद राहिलं तर ०.२ लिटर, वर्षातल्या ३०० दिवसांचे ६० लिटर. पण उन्हात एसीसाठी इंजिन मध्येच उठतं, आणि पुन्हा चालू करायला साधारण पाच-सात सेकंद उभं राहण्याइतकं इंधन लागतं. त्यामुळे दहा सेकंदांच्या थांब्यात हाती काही लागत नाही. मी ३० लिटरच धरतो. महागडी बॅटरी वेळेआधी गेली तर त्यातलंही बरंच गेलं. कंपन्यांना याची एवढी ओढ का, तर इंधन आणि धूर मोजणाऱ्या युरोपच्या जुन्या एनईडीसी चाचणीत जवळपास पाव वेळ गाडी उभी असे. नव्या डब्ल्यूएलटीपीत ते प्रमाण साधारण १३ टक्के आहे. प्रत्येक वेळी गाडी चालू केल्यावर ही सोय आपोआप परत येते त्यामागेही चाचणीच आहे, कारण अधिकृत आकडे त्याच मोडमध्ये मोजलेले असतात. ती कायमची बंद करायला काही जण बॉनेट स्विचचा प्लग काढून ठेवतात. तसं करू नका, बऱ्याच गाड्यांत चोरीचा अलार्मही त्याच स्विचवर असतो.

सेल्फ झिजण्याची भीती मात्र अनाठायी आहे. या गाड्यांचा सेल्फ कित्येक पट जास्त वेळा फिरण्यासाठी बनवलेला असतो, आणि गरम इंजिनात बेअरिंगवर तेलाचा थर टिकून असतो. एसीचा त्रास खरा आहे. पंखा फिरत राहतो, पण कॉम्प्रेसर थांबलेला. अर्ध्या-एक मिनिटात हवा कोमट आणि ओलसर होते, कॉइलवरचं पाणी केबिनमध्ये परततं, आणि दमट दिवशी काच आतून धुरकट व्हायला लागते.

इतर ऑटोमॅटिकबद्दल थोडक्यात. कोरड्या ड्युअल क्लचला (तेलात न बुडवलेले दोन क्लच असलेला गिअरबॉक्स) रांगेत इंच-इंच सरकणं सोसत नाही. समोर गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे जा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की क्लच तापतो, तिथे ब्रेकच हवा. एएमटीलाही, म्हणजे साध्या गिअरबॉक्सवर आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा बसवलेल्या गाडीलाही, हेच लागू. सीव्हीटीत (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) कंपनीने सांगितलेलंच तेल, दुसरं कोणतंही नाही. उतारावर कुठलीही ऑटोमॅटिक लावताना क्रम असा: ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, ब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून पी (पार्क). नाहीतर सगळा भार आतल्या छोट्या खटक्यावर येतो आणि काढताना ‘खट्’ आवाज होतो.

राहिलं गिअरबॉक्सचं तेल. ‘आयुष्यभर बदलायला नको’ हे वाक्य काउंटरवर ऐकलं तरी मानू नका. झेडएफ स्वतः आपल्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगते. तेल काढल्यावर कन्व्हर्टरमधलं बरंचसं आतच राहतं, त्यामुळे जुन्या तेलाचा काही भाग नव्यात मिसळतोच. पातळी बघायला अनेक गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी लिफ्टवर अगदी समतल, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून पी, आणि तेल कंपनीने दिलेल्या तापमानात, झेडएफच्या ८ स्पीडला ३० ते ५० अंश. स्कॅनरवर तो आकडा बघूनच बोल्ट उघडायचा, तेल बाहेर येईपर्यंत भरायचं, आणि धार तुटून थेंब पडायला लागले की घट्ट करायचा.