यूएसबीडीव्ह्यू : फुकट, रूक्ष आणि भलतंच कामाचं

घरून जीएसटी आणि आयकराची रिटर्नं भरणाऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरला जितकी यूएसबी उपकरणं लागतात, तितकी गेम खेळणाऱ्या पोरांनाही लागत नसतील. प्रत्येक अशिलाचं डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखी दिसणारी यूएसबी वस्तू) वेगळं. माझ्याकडे ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात, दोरा बांधून नावाची चिठ्ठी लावलेली. शिवाय पेनड्राइव्ह, स्कॅनर, प्रिंटर आणि अधूनमधून कुणाचातरी मोबाइल. यातली प्रत्येक वस्तू एकदा लावली की विंडोज तिची नोंद करून ठेवतं आणि वस्तू काढली तरी नोंद पुसत नाही. रेशनकार्डावर लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं वर्षानुवर्षं राहतात, तशातलाच प्रकार.

ही भुतं बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली उपकरणांची यादी) उघडा, 'व्ह्यू'मध्ये 'शो हिडन डिव्हाइसेस'वर टिक करा. जी चिन्हं पुसट दिसतील ती सगळी सध्या न जोडलेली उपकरणं. प्रॉपर्टीजमध्ये कोड ४५, म्हणजे 'उपकरण जोडलेलं नाही', असं दिसतं. अडचण पुढे येते. पाच ठिकाणी नुसतं 'यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस' लिहिलेलं असतं, मग त्यातलं कुणाचं कोणतं, हे कसं ओळखायचं?

तिथे निरसॉफ्ट या साइटवरचं यूएसबीडीव्ह्यू हे विंडोजसाठीचं छोटं साधन उपयोगी पडतं. झिप फाइल जेमतेम काहीशे केबीची. इन्स्टॉल करायची भानगड नाही, उघडली की चालू. आजवर लागलेली यूएसबी उपकरणं एका तक्त्यात येतात: नाव, वर्णन, ड्राइव्हचं अक्षर, सिरियल नंबर, व्हेंडर आयडी (कंपनीचा आकडा), प्रॉडक्ट आयडी (वस्तूचा आकडा). आत्ता जोडलेल्यांपुढे हिरवा ठिपका. मला सगळ्यात आवडला तो व्हेंडर आयडीचा रकाना. ०७८१ म्हणजे सॅनडिस्क, ०३एफ० म्हणजे एचपी, आणि ०९६ई म्हणजे फेइतियान, जे ईपास नावाची सहीची टोकनं बनवतात. हे चार-पाच आकडे डोक्यात बसले की अर्धी यादी आपोआप ओळखीची होते. तारखांचे रकानेही आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे काही तारखा मशीन रीस्टार्ट झालं की बदलतात.

नोंदी काढाव्यात का? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा नाही. त्यांनी कॉम्प्युटर हळू होत नाही, जागा खात नाहीत. काढायच्या त्या दोनच प्रसंगी. पहिला म्हणजे प्रिंटर. काही यूएसबी उपकरणं स्वतःचा सिरियल नंबर सांगत नाहीत, त्यामुळे वायर शेजारच्या पोर्टात लावली की विंडोजला वाटतं नवीनच पाहुणा आला. मग 'कॉपी १' नावाचा जुळा भाऊ जन्मतो, डिफॉल्ट जुनाच राहतो आणि चलन कुठल्या रांगेत अडकलं ते शोधत बसायचं. दुसरा प्रसंग कॉम पोर्टांचा, म्हणजे वजनकाट्यासारख्या उपकरणांशी बोलायला विंडोज जी नंबर घातलेली दारं उघडतं त्यांचा. भावाच्या दुकानातल्या वजनकाट्याची केबल दर वेळी नव्या पोर्टात जाते, नवा कॉम नंबर घेते आणि जुना अडवून ठेवते. जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरला एक आकडी नंबरापलीकडचं कळत नाही. तिथे यूएसबीडीव्ह्यूत सध्या न जोडलेल्या उपकरणांच्या नोंदी निवडून, राइट क्लिक करून, अनइन्स्टॉल. अनेक नोंदी एकदम निवडता येतात, ही सोय छान. हिरव्या ठिपक्यांना मात्र हात लावू नका, त्यात तुमचा माउसही असतो.

आता मर्यादा. पिवळं उद्गारचिन्ह आणि 'अननोन डिव्हाइस' हा आजार हे औषध घेऊन बरा होत नाही. विंडोज नव्यानं टाकल्यावर 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' कोड २८, म्हणजे ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) नाही, असं दाखवत असेल, तर ते यूएसबीवर नाहीच, यादीत येणार कसं? तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असं जायचं. व्हेन, म्हणजे व्हेंडर, या अक्षरांपुढे ८०८६ दिसलं की इंटेल. बहुधा त्यांचं मॅनेजमेंट इंजिन असतं, ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मिळतो. आणि कोड ४३ सोबत व्हीआयडी (व्हेंडर आयडी) ०००० दिसलं, तर ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नका. उपकरणाला स्वतःचं नावच सांगता आलेलं नसतं. आधी केबल बदला, मग पोर्ट, मग उपकरण दुसऱ्या मशीनला लावून पाहा.

याच कामासाठी 'ड्रायव्हर अपडेटर' विकणारे पुष्कळ. एकानं माझ्याकडे फुकट स्कॅन करून लाल अक्षरांत लांबलचक यादी दाखवली आणि दुरुस्तीसाठी कार्ड नंबर मागितला. यादीत कीबोर्डही 'जुनाट' होता. असल्यांच्या वाटेला जाऊ नये.

दिसायला यूएसबीडीव्ह्यू अगदीच कोरडं, अक्षरं बारीक, मदतीची भाषा इंग्रजी. काही अँटिव्हायरस निरसॉफ्टच्या साधनांवर संशय घेतात, म्हणून फाइल फक्त त्यांच्याच साइटवरून घ्यावी. पाचपैकी चार गुण. विंडोज ६४ बिटचं असेल तर घेताना ६४ बिटची वेगळी आवृत्ती उतरवा आणि राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. नाहीतर यादी दिसेल, पण अनइन्स्टॉल होणार नाही.