मसाला-डाळ युनिटसाठी मालाचं वय: टॅली, ईआरपीनेक्स्ट की ओडू?

भिवापूरची मिरची, वायगावची हळद, अकोल्याकडची तूर. विदर्भातल्या लहान मसाला किंवा डाळ युनिटला कच्चा माल हंगामात उचलून पुढं वर्षभर पुरवावा लागतो. त्यामुळे गोडाऊनमध्ये जुना माल असणारच. कोणती थप्पी किती जुनी आणि आधी कोणती काढायची, हे सांगण्यासाठी सॉफ्टवेअर घ्यायचं असेल, तर ते वय कशावरून मोजतं ते आधी विचारा.

साधा ‘स्टॉक एजिंग’ (मालाचं वय दाखवणारा) रिपोर्ट थप्पी बघत नाही, तो हिशेब करतो. आधी आलेला माल आधी गेला असं धरतो आणि शिल्लक माल शेवटच्या खरेद्यांचा ठरवतो. पण हमाल दाराजवळची थप्पी उचलतो. कागदावर साठा दोन महिन्यांचा दिसतो आणि मागच्या भिंतीलगतच्या तुरीच्या कट्ट्यांत भुंगा शिरलेला असतो. कट्ट्यावर लॉट नंबर नसेल आणि माल काढताना तो नोंदला जात नसेल, तर महागातलं सॉफ्टवेअरही अंदाजच देईल. माझ्या मते अर्धा निर्णय इथंच होतो: आधी मार्कर आणि चिठ्ठी, मग संगणक.

टॅली बहुतेकांकडे असतंच, जीएसटीसाठी घेतलेलं. त्यात बॅच (म्हणजे लॉट), उत्पादनाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख नोंदवायची सोय आहे, पण ती प्रत्येक मालासाठी चालू करावी लागते, आणि कित्येक ठिकाणी ती बंदच असते. चालू केली की एजिंग रिपोर्ट कामाचा होतो. तो तुमच्याच संगणकावर चालतो, त्यामुळे नेट गेलं तरी काम थांबत नाही. गावातल्या युनिटसाठी ही लहान गोष्ट नाही. शिवाय टॅली येणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळतो. उणीव अशी की कोणती बॅच काढायची हे नोंद करणाऱ्याच्या शिस्तीवर राहतं.

ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, मुक्त परवान्याचं. सॉफ्टवेअर फुकट, पण सर्व्हर आणि बसवून देणाऱ्याचे पैसे लागतात. यात मालाचे टिकण्याचे दिवस एकदा भरले की बॅचची मुदत आपोआप निघते, आणि मुदत संपलेल्या बॅचचं बिल करायला गेलात तर ते अडवतं. नव्या आवृत्त्यांत बॅच आधी आलेली निवडायची की आधी मुदत संपणारी, हेही ठरवता येतं. मिरचीत हा फरक फार मोठा आहे. फेब्रुवारीत घेऊन कोल्ड स्टोरेजला ठेवलेली मिरची रंग धरून राहते. एप्रिलमध्ये घेऊन उघड्या गोडाऊनमध्ये टाकलेली पावसाळ्यात ओलावा ओढते आणि आधी खराब होते. ‘आधी आली ती आधी’ या नियमानं चाललात तर चुकीचा लॉट आधी निघेल.

सगळ्यात अवघड जागा गिरणीची. हळकुंड नीट वाळलं असेल तर बरंच टिकतं, दळल्यावर मात्र वास लवकर उडतो. दळलेली पूड सॉफ्टवेअरमध्ये नवीन माल म्हणून येते आणि तिचं वय शून्यापासून सुरू होतं. पाकिटावर आजची तारीख, आत मागच्या हंगामाचं हळकुंड. तक्रार आली तर ते पाकीट कोणत्या लॉटचं, हे सांगता आलं पाहिजे. टॅलीत मॅन्युफॅक्चरिंग जर्नलमध्ये (माल बनवल्याच्या नोंदीत) खपलेला लॉट आणि बनलेली बॅच एकत्र नोंदता येते, पण उलटा माग काढायला नोंदी चाळाव्या लागतात. ओडू या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लॉटवर क्लिक केलं की तो कुठून आला आणि कुठं गेला, दोन्ही बाजू दिसतात. इथं ओडू सरस आहे. ‘आधी मुदत संपणारं आधी’ हा नियमही त्यात आहे. पण त्याची एंटरप्राइज आवृत्ती माणसागणिक पैसे घेते, आणि आपल्या भागात ते बसवणारा शोधावा लागतो.

एक्सेल? एक माणूस, दोन-चार वस्तू असतील तर पुरतं. दोघं भरू लागले की बिघडतं.

ऑनलाइन विकत असाल तर आणखी एक बघा. ग्राहकाच्या हाती माल पडताना टिकण्याच्या मुदतीतले किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस उरलेले असावेत, असं एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं) नोव्हेंबर २०२४ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं. म्हणजे मालाच्या वयाइतकेच त्याचे उरलेले दिवसही रोज दिसायला हवेत.

माझा कौल असा: डाळ किंवा एखादाच मसाला, विक्री आसपासच्या दुकानांत, तर नवीन काही घेऊ नका. आहे त्या टॅलीत बॅच चालू करा. पाच-सात प्रकारचं तिखट, मसाले, मिसळलेले लॉट आणि ऑनलाइन विक्री असेल, सांभाळणारा माणूसही असेल, तर ईआरपीनेक्स्ट. माल परत बोलावण्याची जोखीम मोठी असेल, मोठ्या ब्रँडसाठी पॅकिंग करत असाल, तर ओडूचा खर्च परवडेल.

विकणारा डेमो द्यायला येईल तेव्हा त्याच्या तयार नमुन्यावर समाधान मानू नका. तुमचे मिरचीचे दोन लॉट भरा, त्यांचं मिसळून तिखट करा, अर्धं विका, थोडं दुसऱ्या गोडाऊनला हलवा. मग विचारा: या पाकिटातली मिरची कधीची, आणि तोच लॉट आणखी कुणाकुणाकडे गेला? उत्तर समोर बसून, तुमच्याच संगणकावर निघालं पाहिजे.