टिळकवाडीतली रविवारची ब्लिट्झ, खेळायला जावाच

बेळगावच्या टिळकवाडीत एका चेस क्लबची ब्लिट्झ (झटपट बुद्धिबळाची स्पर्धा) खेळून आलो, मस्त हाय की. पूर्ण डावाला प्रत्येकाला ३ मिनिटं आणि दर चालीला २ सेकंद जादा, स्विस पद्धत, म्हणजे पहिलाच डाव गेला तरी घरी बसायला लागत नाही सगळे राउंड खेळायला मिळतात. खानापूर, निपाणीकडनं आलेली बारकी पोरं वजीर गेला तरी घड्याळावर जिंकतात बघा, आपण उंट कुठं ठेवू म्हणून विचार करतोय तोवर टाइम संपला! पंच मराठी-कन्नड दोन्हीत समजावतात, चुकीची चाल केली की समोरच्याला १ मिनिट जादा, परत केली तर डावच गेला, त्यामुळं भांडणं नाहीत. हॉलमध्ये फॅन कमी, जाम उकडतंय. चहा मात्र भारी (साखर जास्तच). रेटिंग (खेळाडूचे अधिकृत गुण) मिळत नाही, पण हात मोकळा होतो.