अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणे: पट्टी काढावी की समीकरण मांडावे?

टाकीतले २/५ पाणी वापरले, उरलेल्याचा १/३ भाग झाडांना घातला, आता १२० लिटर शिल्लक आहे. टाकीत आधी किती पाणी होते?

टाकीतले सगळे पाणी म्हणजे कागदावर काढलेली एक लांब पट्टी समजा. तिचे पाच समान भाग करा, दोन खोडा. उरले तीन, त्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक भाग, तोही खोडा. शिल्लक दोन भाग म्हणजे १२० लिटर, एक भाग ६०, एकूण ३००.

समीकरणात हेच ३/५ × २/३ × क्ष = १२० असे येते. काम झटपट होते, पण घोटाळाही इथेच होतो: ‘उरलेल्याचा’ हा शब्द नजरेतून सुटतो आणि २/५ + १/३ अशी बेरीज होते. मग ४/१५ शिल्लक धरून उत्तर ४५० येते. आकडा पूर्ण असल्याने शंकाही येत नाही! पट्टीवर ही चूक होणे अवघड, कारण खोडलेले भाग डोळ्यांसमोर असतात.

मात्र ३/७ वापरून उरलेल्याचे २/५ घेतले, तर चार भागांचे पाच हिस्से करावे लागतात; पट्टीचे ३५ तुकडे होतात. तिथे सरळ समीकरण मांडा: ४/७ × ३/५ = १२/३५. शिकणाऱ्याच्या हाती मात्र आधी पट्टीच द्यावी.