उशीवरून निवडलेला वॉलपेपर

माझी झोप फार हलकी आहे. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि मग तासभर तरी डोळा लागत नाही. दिवा लावला तर झोप पार मोडते, म्हणून मी डाव्या कुशीवर पडून समोरच्या भिंतीकडे बघत राहते. पलंग त्या भिंतीला जवळजवळ लागूनच आहे. गेले चौदा महिने त्या भिंतीवर पानांच्या नक्षीचा एक वॉलपेपर आहे. तो इतक्या जवळून आणि इतका वेळ मी पाहिला आहे की त्याच्याबद्दल मनापासून आणि खात्रीने लिहिता येईल.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. नॉन-वोव्हन कागद, म्हणजे न विणता, तंतू एकत्र दाबून केलेला. रोलची रुंदी ५३ सेंटीमीटर, लांबी १०.०५ मीटर. गडद, मातकट हिरवी जमीन, म्हणजे नक्षीमागचा मूळ रंग. तिच्यावर एकमेकांवर टेकलेली लांबट पानं, काही शेवाळी, काही विटक्या पितळेच्या रंगाची, मध्येमध्ये एखादी बारीक डहाळी. चकाकी अजिबात नाही. नक्षी दर ६४ सेंटीमीटरला पुन्हा येते आणि शेजारच्या पट्ट्यात अर्ध्याने खाली सरकते. हे अर्ध्याने सरकणं फार महत्त्वाचं आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

याआधी मी एक चूक करून बसले होते. पलंगाच्या डोक्यामागची भिंत सजवायची, असं जिकडेतिकडे सुचवलेलं असतं. मीही तेच केलं. पाठीवरचा कागद सोलून चिकटवायचा असा तयार गोंदाचा वॉलपेपर आणला, करड्या-सोनेरी षटकोनांचा. दारातून पाहिलं की खोली छान दिसायची. पण पलंगावर पडलं की ती भिंत माझ्या डोक्याच्या मागे! डोळ्यांसमोर तीच कोरी पांढरी भिंत, आधी होती तशीच. ज्या खोलीत मी दिवसाचे सात-आठ तास आडवी असते, त्या खोलीची सजावट मी दारात उभं राहून ठरवली होती. त्यात सोनेरी छपाई चकचकीत होती, त्यामुळे उशाजवळचा दिवा लावला की भिंतीवर त्याचा एक पांढरा डाग पडायचा. चार महिन्यांत कागदाखाली फुगे आले, सांधे आकसून मधली भिंत दिसायला लागली आणि शेवटी तो काढताना रंगाचे पोपडेही सोबत निघाले. प्रत्येक सोलून चिकटवायचा कागद असाच निघेल असं मी म्हणणार नाही. माझ्या भिंतीवरचा जुना रंग नीट धरलेला नव्हता, आणि हा कागद शेवटी त्या रंगालाच चिकटतो, हे मी आधी लक्षात घेतलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी पलंगावर पडून विचार केला. पाठीवर असताना काय दिसतं? छत आणि पायाकडच्या भिंतीचा वरचा भाग. कुशीवर असताना? बाजूची भिंत, जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत, अगदी जवळून. मला ऊब हवी होती ती इथे. म्हणून बाजूची ३.६ मीटर लांबीची भिंत निवडली. बाकीच्या तीन भिंतींना पुढे, कागद ठरल्यावर, त्याच्यातल्या सर्वांत फिक्या पानाचा रंग दिला.

भिंत ठरल्यावर नमुने मागवले. दुकानातून ए-फोर आकाराचे तुकडे मिळाले, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटीमीटर. एवढ्याशा तुकड्यावरून मोठ्या नक्षीचं काहीही कळत नाही. ५३ बाय ६४ची नक्षी असेल तर हातात जेमतेम पाचवा हिस्सा येतो, आणि नेमकं जे खटकणार असतं ते उरलेल्या भागात असतं. मी दुकानदाराला विनंती केली की किमान एक पूर्ण नक्षी येईल एवढा तुकडा द्या, त्याचे पैसे वेगळे घ्या. त्याने चार कागदांचे मीटर-मीटर तुकडे कापून दिले. ते मी उशीच्या उंचीला टेपने चिकटवले आणि प्रत्येकासोबत दोन-दोन रात्री झोपले. कोणी वॉलपेपर घेणार असेल तर त्याने एवढं तरी जरूर करावं.

त्या आठ रात्रींत जे कळलं ते अल्बम चाळून कधीच कळलं नसतं. पहिला कागद त्रिकोणांचा होता. दिवसा नेटका दिसायचा. रात्री जाग आली की मी आपोआप त्रिकोण मोजायला लागायचे, आडवे, उभे, तिरके. सरळ रेघांची नक्षी डोळ्यांना काम देते, आणि मला नेमकं ते नको होतं. दुसऱ्यात मोठी गुलाबी फुलं होती. एका फुलाच्या वर दोन कळ्या अशा बसल्या होत्या की अंधुक उजेडात तो चेहरा वाटायचा. एकदा चेहरा दिसला की तो पुन्हा फूल होत नाही. माणसाचा मेंदू डाग, ढग, लाकडाच्या गाठी, कशातही चेहरे शोधतो. म्हणून झोपायच्या खोलीसाठी नक्षी निवडताना ती उलटी धरून, तिरकी धरून, अर्ध्या उजेडात बघावी. तिसरा कागद बारीक ठिपक्यांच्या फुलांचा होता. जवळून गोड, पण खोलीच्या पलीकडच्या टोकाला गेलं की सगळी फुलं मिसळून एक सपाट करडा रंग उरायचा. अगदी लहान नक्षी दुरून नक्षी राहत नाही.

चौथा हा पानांचा. त्यात पान कुठे सुरू झालं आणि कुठे दुसऱ्याखाली गेलं हे पटकन कळत नाही. नजर एका डहाळीवरून निघते, दोन पानांमागे हरवते आणि कुठेतरी भलतीकडे वर येते. मोजायला काही नाही, पकडायला कोपरा नाही. ही युक्ती नवी नाही. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसने १८८७ साली काढलेली ‘विलो बाऊ’ नावाची नक्षी आजही छापली जाते, आणि तिच्यातही विलो नावाच्या झाडाच्या बारीक पानांची अशीच गुंतागुंत आहे. लाकडी ठशांनी छापायच्या काळातही पट्ट्याची पुनरावृत्ती लपवणं हेच नक्षीकाराचं मोठं काम होतं.

पुनरावृत्ती लपते ती त्या अर्ध्याने सरकण्यामुळे. नक्षी सरळ जुळणारी असेल तर प्रत्येक पट्ट्यात तोच पानांचा झुबका त्याच उंचीवर येतो आणि भिंतीवर आडव्या ओळी उमटतात, लांबून तर फारच. अर्ध्याने सरकलेली असेल तर तो झुबका तिरक्या दिशेने विखुरतो आणि ओळ बनत नाही. हे रोलच्या लेबलवर चिन्हाने दिलेलं असतं. समोरासमोर टेकलेले दोन बाण म्हणजे सरळ जुळणी, वरखाली सरकलेले बाण म्हणजे अशी जुळणी, आणि खाली ६४/३२ असे आकडे. बाण आणि शून्य असेल तर जुळवायची गरजच नाही. लाटांची चिन्हं कागद किती पुसता-धुता येईल ते सांगतात, सूर्य म्हणजे उन्हात रंग किती टिकेल ते. मला हे सगळं समजायला एक संध्याकाळ लागली, कारण लेबलवर चिन्हं आहेत आणि त्यांचा अर्थ कुठेच नाही. या कागदाबद्दलची माझी ही पहिली तक्रार.

रंगाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे मी स्वतः चकले असते. दुकानात पांढऱ्या उजेडात हा कागद थंड हिरवा दिसत होता आणि नवरा म्हणाला, “अगं, याने खोली अंधारी होईल.” माझ्या उशाजवळचा दिवा २७०० केल्विनचा, पिवळसर उजेडाचा आहे. त्या उजेडात निळसरपणा मावळतो आणि पितळी, तपकिरी छटा पुढे येतात. तोच तुकडा घरी दिव्याखाली लावला तर जुन्या लोकरीच्या शालीसारखा दिसला. उलट, ज्या निळ्या कागदावर माझा आधी जीव जडला होता तो या दिव्याखाली राखेसारखा करडा पडला. म्हणून दिवा आधी ठरवावा, कागद नंतर. आणि खोली अंधारी होण्याचं म्हणाल, तर दिवसा ती थोडी गडद झाली हे खरंच आहे. रात्री मात्र गडद जमिनीमुळे भिंतीच्या कडा दिसेनाशा होतात, कोपरे मऊ होतात आणि भिंत जवळ आल्यासारखी वाटते. पांढऱ्या भिंतीशी झोपताना मला पाठीमागे काहीतरी उघडं राहिल्यासारखं वाटायचं. आता आडोशाला असल्यासारखं वाटतं. ज्यांना बंद खोलीत घुसमटतं त्यांनी मात्र हा कागद घेऊ नये, फिक्या जमिनीचा घ्यावा.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. जमीन आणि नक्षी यांच्या रंगात अंतर कमी असलं की नक्षी शांत वाटते. गडद जमिनीवर पांढरी पानं असती तर याच नक्षीने मला झोपू दिलं नसतं.

किती रोल लागतील याचा हिशेब क्षेत्रफळाने करू नये. माझी भिंत २.४ मीटर उंच आहे. वर-खाली कापायला दहा सेंटीमीटर धरले की पट्टा अडीच मीटरचा. नक्षी जुळवायची नसती तर एका रोलमधून चार पट्टे निघाले असते आणि भिंतीला लागणाऱ्या सात पट्ट्यांसाठी दोन रोल पुरले असते. ६४ची नक्षी जुळवायची म्हटलं की प्रत्येक पट्ट्यामागे चार पूर्ण नक्ष्या, म्हणजे २.५६ मीटर जातात आणि एका रोलमधून तीनच पट्टे निघतात. केवळ सहा सेंटीमीटरनी तिसरा रोल आणायला लावला. आणि त्या तिसऱ्या रोलवर बॅच नंबर, म्हणजे एकाच वेळी छापलेल्या रोलना मिळणारा क्रमांक, वेगळा निघाला! शेजारी धरल्यावर हिरवा स्पष्टपणे पिवळट होता. विकणाऱ्याने बदलून दिला, पण त्यात बारा दिवस गेले आणि तोवर खोलीतलं सामान बाहेर. रोल हातात आले की पहिल्यांदा नंबर जुळवावेत, उघडण्याआधी.

लावायला धाकटा भाऊ आला. त्याचा हात या कामात बसलेला आहे आणि त्याने मला घाई करू दिली नाही. आधी त्याने टॉर्च भिंतीला टेकवून तिरका उजेड टाकला. जी भिंत मी गुळगुळीत समजत होते ती उंचवट्यांनी भरलेली दिसली. “ताई, तुझा दिवा भिंतीलगतच आहे, तो रोज हेच दाखवणार,” तो म्हणाला. पुट्टी लावून, पॉलिश पेपरने घासून, मग प्रायमर. प्रायमरमध्ये त्याने हिरवट-तपकिरी रंग मिसळायला लावला, म्हणजे सांधा जराही उघडला तरी पांढरी रेघ दिसू नये. भिंतीच्या एका कोपऱ्यात पूर्वी ओल आली होती. ती आतून पूर्ण वाळली आहे याची खात्री होईपर्यंत तीन आठवडे थांबलो. ओलीवर कागद लावला तर मागे बुरशी धरते आणि बाहेरून बराच काळ कळतही नाही.

पहिला पट्टा खिडकीकडून, आणि तो भिंतीच्या कडेला धरून नाही, तर ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, खाली सोडून मिळालेल्या सरळ रेघेला धरून. आमचा कोपरा वर-खाली दीड सेंटीमीटर वाकडा निघाला. कोपऱ्याला धरून लावलं असतं तर सातव्या पट्ट्यापर्यंत सगळी पानं कलंडली असती. नॉन-वोव्हन असल्याने खळ कागदाला न लावता भिंतीलाच लावायची असते. साधा कागद ओला झाला की फुगतो, रुंद होतो, हा होत नाही. त्यामुळे पट्टा भिंतीवर हलवून पानाला पान मिळवता येतं. सांध्यावर रोलर हलक्या हातानेच फिरवावा लागतो. एका जागी मी जोर दिला आणि तिथे चकाकी नसलेला कागद घासून चमकला. ती बोटभर जागा आजही मला दिसते, इतर कोणाला दिसत नाही.

चौदा महिन्यांनंतरची स्थिती अशी. रंग उतरलेला नाही. नव्या कागदाचा वास दुसऱ्याच दिवशी गेला. उशी जिथे टेकते तिथे थोडी मळकट छटा आली होती, ती ओल्या मऊ फडक्याने टिपून गेली, घासलं नाही. खिडकीजवळचा एक सांधा चार सेंटीमीटर उघडला. रंगीत प्रायमरमुळे तो मला महिनाभर दिसलाच नाही. नखाने गादीची चादर खोचताना कागदाला एक ओरखडा पडला आणि तो पुसला जात नाही, तेव्हा पलंग भिंतीला अगदी चिकटवू नये, चार बोटं जागा ठेवावी.

माझी झोप वाढली का? नाही, तीनला जाग येतेच. पण आता जाग आल्यावर मी घड्याळ बघत नाही. वरच्या पितळी पानापासून सुरुवात करते आणि डहाळी कुठे जाते ते बघत राहते. बहुतेक रात्री मला ती संपलेली आठवत नाही.

तिसऱ्या रोलमधला सात मीटरहून जास्त कागद उरला आहे. तो दुसऱ्या भिंतीवर लावायचा मोह मी आवरला. गुंडाळून, बॅच नंबरचं लेबल आत ठेवून, आडवा पलंगाखाली ठेवला आहे. ओरखड्याची जागा वाढली तर त्यातून एक पान कापून वर लावता येईल.