आयटीआय की रिवाइंडिंगचं दुकान?

मोटरचं काम शिकायचं तर रत्नागिरीकडच्या मुलांपुढे दोन वाटा: आयटीआयचा 2 वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, नाहीतर बाजारातलं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळायचं दुकान. दुकानात हात लवकर बसतो. पावसाळा सरला की विहिरीवरचे पंप येतात. झाकण काढावं तर खाऱ्या वाऱ्याने टर्मिनल हिरवी पडलेली, वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, ओल. मेगरचा (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या मीटरचा) काटा 1 मेगाओहमखाली दिसला की आधी सुकवायचं, मगच सप्लाय, हे तिथे अंगवळणी पडतं. पण स्टार-डेल्टात (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवायची पद्धत) सुरुवातीचा लाइन करंट डीओएलच्या (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करण्याच्या) एक तृतीयांशच का, हे वर्गातच नीट उमगतं. मी दुकानात शिकलो. कंट्रोल सर्किटचा कागद, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या वायरिंगची आकृती, वाचायला पुढे फार झगडावं लागलं. म्हणून माझा कौल आयटीआयला, सुट्टीत मात्र दुकानात बसायचंच.