लाकडी चौकटीचं घर आणि लाकडाच्याच तंतूंचं इन्शुलेशन : ॲबर्डीनशरमधला अनुभव

स्कॉटलंडमध्ये नवी घरं बहुतेक लाकडी चौकटीचीच होतात. त्यामुळे ॲबर्डीनचा जुना ग्रॅनाइटचा फ्लॅट सोडून इन्व्हरूरीजवळ घर बांधायला घेतलं, तेव्हा चौकट कशाची हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता चौकटीच्या खांबांमधल्या पोकळीत ऊब टिकवायला काय भरायचं हा. इथे सर्रास ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) नाहीतर पीआयआर नावाचा कडक प्लास्टिकचा फोम भरतात. आम्ही लाकडाच्या तंतूंचं इन्शुलेशन घेतलं, आणि हिवाळा-उन्हाळा दोन्ही काढल्यावर सांगते, पैसे सत्कारणी लागले.

काम गावातल्याच एका छोट्या फर्मचं. भिंतींचे सांगाडे त्यांच्या वर्कशॉपमध्ये तयार होऊन आले. उभे खांब १४० मिलिमीटर खोलीचे, स्कॉटिश सिटका स्प्रूसचे. हे झाड इथे भराभर वाढतं, म्हणून त्याचं लाकूड साधारण सी-१६ दर्जाचं, म्हणजे बांधकामाच्या लाकडांत बेताच्या ताकदीचं निघतं. घराच्या भिंतीला तेवढं पुरतं. खांबांच्या मध्ये लवचीक तंतूंच्या गाद्या आणि बाहेरून १०० मिलिमीटरचा कडक तंतू-बोर्ड. सुतार प्रत्येक गादी पोकळीपेक्षा थोडी रुंद कापून दाबून बसवत होते. कोपऱ्यात बोट घालून पाहिलं, कुठे फट सापडली नाही. धूळ उडते, मास्क लागतोच. पण ग्लासवूलसारखी अंगाला खाज सुटत नाही.

फोमइतकी ऊब हवी तर जाडी दीडपटीहून जास्त लागते, म्हणजे भिंत जाड होते आणि खर्चही वाढतो. गाद्यांत तंतू धरून ठेवायला थोडं प्लास्टिक असतं आणि आमचे बोर्ड जर्मनीहून आले, हेही लक्षात घ्या. तरी माझं मत लाकडाच्याच बाजूनं. ते वजनदार असतं आणि किलोमागे ग्लासवूलच्या साधारण दुप्पट उष्णता धरतं, म्हणून दुपारचं ऊन माळ्यावरच्या खोलीत उशिरा पोचतं. वाऱ्याचा आवाज जवळजवळ येतच नाही. भिंतीत शिरलेली वाफ बाहेरच्या बाजूनं निघून जाते. शिवाय कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो; घर उभं आहे तोवर तो भिंतीतच राहतो.

तक्रार एकच, पण मोठी. आतल्या बाजूला वाफ आणि हवा अडवणारा पडदा असतो. बाहेरून बोलावलेल्या इलेक्ट्रिशियननं वायरींसाठी तो जागोजागी भोसकला आणि भोकं तशीच सोडली. हवाबंदपणाची चाचणी करताना दारात पंखा लावून घरातली हवा खेचतात, ५० पास्कल दाबाचा फरक ठेवून. तेव्हा स्वयंपाकघरातल्या सॉकेटपाशी हात धरला तर गार वाऱ्याची धारच लागत होती. अशा भोकांतून दमट हवा भिंतीत शिरून थंड भागावर पाणी धरलं, की चांगलं लाकूडही कुजतं. सुतारांनी भिंतीला आतून लावलेले प्लास्टरबोर्ड (जिप्समचे तक्ते) काढून प्रत्येक वायरीभोवती रबरी कॉलर आणि टेप लावला, एक पैसा जास्त न घेता. दुसऱ्या चाचणीत घर सहज पास झालं.

इतकं हवाबंद घर म्हटलं की उष्णता परत मिळवणारं व्हेंटिलेशन हवंच, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं. मोहरी-हिंगाची फोडणी रोजची असेल तर स्वयंपाकघरातल्या जाळीवर तेल बसतं. ती वरचेवर गरम पाण्यानं धुवा.

वाईहून आलेल्या बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो वाळवीचा. स्कॉटलंडच्या थंडीत वाळवी नसते. पण कोकणात कोणी हीच भिंत जशीच्या तशी उभारायची म्हणत असेल तर थांबा: तिथे वाळवी आहे, आणि वाफेचा प्रवासही वेगळा, कारण दमट हवा बाहेर असते आणि एसीचा गारवा आत.

या फर्मला मी पुन्हा काम देईन. इलेक्ट्रिशियन मात्र मी स्वतः निवडेन, आणि पहिली चाचणी प्लास्टरबोर्ड लागायच्या आधीच करून घेईन.